दुधारी तलवारीला पाठ नसते

प्रश्न थोडक्यात असा: जगातल्या कितीतरी संस्कृतींनी कधी ना कधी दुधारी तलवार घडवली, मग त्यातल्या बहुतेकांनी पुढे एकधारी तलवार का धरली? आणि दुसरी धार लढताना खरोखर वापरतात, की ती नुसतीच असते?

शेवटचं आधी सांगतो. वापरतात. पण लोकांना वाटतं तशी नाही. दोन धारा म्हणजे दुप्पट काप, हा हिशेब कागदावरचा आहे.

माझं काम दोन तऱ्हेचं. दिवसा जुनी पाती साफ करणं, डागडुजी करणं, क्वचित नवं पातं घडवणं. संध्याकाळी बोथट तलवारीने सराव करणं आणि शिकवणं. दोन्हीकडे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते: दुधारी तलवारीला पाठ नसते. एकधारी तलवार ही लांब केलेली सुरीच असते. एका कडेला धार, दुसऱ्या कडेला जाड पाठ, आणि सगळा ताठपणा त्या पाठीत. दुसऱ्या कडेलाही धार काढली की पाठ गेली. मग ताठपणा ठेवायचा कुठे? ज्याच्या हाती जो धातू होता आणि समोर जसा शत्रू होता, त्याप्रमाणे प्रत्येकाने याचं उत्तर काढलं. दुधारी तलवारींचा इतिहास मला तरी या उत्तरांचाच इतिहास वाटतो.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. 40 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड अशी दोन पाती घ्या. पहिलं एकधारी, छेद पाचरीसारखा. जाडी पाठीपासून धारेपर्यंत पूर्ण 40 मिलिमीटरमध्ये उतरत जाते. दुसरं दुधारी, छेद पत्त्यातल्या चौकटच्या खुणेसारखा, फक्त खूप चपटा. जाडी मधोमध, आणि दोन्हीकडे 20-20 मिलिमीटरचा उतार. दोन्हींना लोखंड सारखंच लागतं, वजनही सारखंच भरतं. पण पाचरीचा कोन मोजला तर एकधारीचा सुमारे 7 अंश निघतो आणि दुधारीचा 14. म्हणजे त्याच लोखंडात दुसरी धार हवी असेल तर दोन्ही धारा जाड होतात आणि कापताना अडतात. कोन कमी करायचा तर पातं रुंद करा नाहीतर पातळ करा. पातळ केलं की ते लवतं, आणि तेही प्रमाणात नाही: त्याच आकाराच्या छेदात जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांशावर येतो. लोहाराला हे समीकरण माहीत नसेल, पण त्याच्या हाताला ते नक्की माहीत होतं.

एवढा तोटा असताना दुधारी आली कशी? कारण सुरुवात कापण्यापासून झालीच नाही, भोसकण्यापासून झाली. पहिल्या तलवारी म्हणजे लांबवलेले खंजीर. तुर्कस्तानात मालात्याजवळ अर्स्लानतेपे इथे नऊ तलवारी सापडल्या, इसवी सनापूर्वी 3300 ते 3000 च्या दरम्यानच्या. तांब्यात आर्सेनिक मिसळलेला धातू, लांबी 45 ते 60 सेंटिमीटर. भोसकायचं तर टोक हाताच्या रेषेत, पात्याच्या मधोमध हवं, म्हणजे दोन्ही कडा सारख्या निमुळत्या होत टोकाशी मिळणार. त्या कडांना धार येणं ओघानेच आलं. साच्यात ओतायलाही असा आकार सोपा.

या भोसकणाऱ्या तलवारीने कोणी आडवा वार केला की काय होतं, ते एजियन समुद्राकाठच्या कांस्यतलवारी दाखवतात. ग्रीसमधल्या मायसिनीच्या काळातली ती पाती लांब, अरुंद आणि देखणी, पण मुठीत जाणारी शेपटी आखूड, रिव्हेटांवर टेकलेली. ताण आला की पातं तिथेच तुटायचं. इसवी सनापूर्वी 1200 च्या आसपास मध्य युरोपातून एक नमुना दक्षिणेकडे पसरला, अभ्यासक त्याला नाउए-2 म्हणतात. त्यात मुठीचा सांगाडा पात्यासोबत एकाच ओतीत येतो. दिसायला साधी सुधारणा, पण तिच्यामुळे दुधारी तलवार पहिल्यांदा मनासारखी चालवता आली. तलवारीची मूठ उघडून शेपटी पाहण्याची माझी खोड याच गोष्टीमुळे लागली. पात्यावर भाळणारे पुष्कळ भेटतात. शेपटी कुणी विचारत नाही.

कांस्यातलं सगळ्यात हुशार उत्तर चीनमध्ये सापडतं. कांस्यात कथील वाढवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. वसंत-शरद आणि त्यानंतरच्या युध्यमान राज्यांच्या काळातल्या ओतकामगारांनी काही जियान, म्हणजे तिथल्या सरळ दुधारी तलवारी, दोन टप्प्यांत ओतले: मधला कणा कमी कथिलाचा, म्हणून चिवट, त्याभोवती धारा जास्त कथिलाच्या, म्हणून कडक. कण्यात कथील साधारण 10 टक्के, धारांत 20 च्या आसपास. पाठ गेली ना, मग तिला पात्याच्या पोटात नेऊन ठेवली. 1965 मध्ये हुबेई प्रांतातल्या एका थडग्यात यूए राज्याचा राजा गोउजियान याची तलवार मिळाली. या राजाचा काळ इसवी सनापूर्वी 496 ते 465. लांबी 55.6 सेंटिमीटर, वजन 875 ग्रॅम, अंगावर शंकरपाळी नक्षी, आणि अडीच हजार वर्षं थडग्यात राहूनही धार शाबूत. लोक त्या धारेचं कौतुक करतात; मला वजन बोलकं वाटतं. हातभर लांब तलवारीला पाऊण किलोच्या वर धातू लागतो, कारण कांस्य पातळ करून चालत नाही. याच्या जवळपास दुप्पट लांबीची मध्ययुगीन युरोपीय पोलादी तलवार 1.1 ते 1.3 किलोत बसते.

पोलाद आल्यावर जियानची घडण फिरली. मध्ये कडक पोलादाची पट्टी आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड. पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात असल्यामुळे दोन्ही धारांना कडक पोलाद मिळतं आणि अंगाचं लोखंड धक्का पचवतं. धारही सगळीकडे सारखी लावत नाहीत. टोकाकडचा भाग सर्वांत तीक्ष्ण, मधला बेताचा, मुठीजवळचा जवळजवळ बोथट, कारण शत्रूचा वार तिथे अडवायचा असतो. इतकं असूनही हान काळात, घोडदळ वाढत गेलं तसं, रणांगण एकधारी दाओकडे गेलं. जियान उरला तो पंडितांच्या कमरेला, दरबारात आणि ताओ पंथाच्या विधींत.

युरोपात पाठीचा प्रश्न सुटला पन्हळीने. पात्याच्या मध्यभागी लांबलचक पन्हळ काढली की वजन घटतं, आणि ताठपणा मात्र त्या मानाने फारसा कमी होत नाही. म्हणून पातं रुंद ठेवता येतं आणि धारेचा कोन बारीक राहतो. तिला ‘रक्त वाहून जाण्याची नळी’ म्हणणारे अजून भेटतात. रक्ताचा आणि तिचा काडीचा संबंध नाही. रोमन पायदळाची तलवार, ग्लॅडियस, आखूड होती. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने तिचं टोक आणि दोन्ही धारा कामाच्या असल्याचं लिहून ठेवलंय. त्यानेच रोमचे शत्रू असलेल्या केल्टांच्या तलवारीबद्दल लिहिलंय की पहिल्या वारातच ती वाकायची आणि पायाखाली धरून सरळ करावी लागायची. यावर मी पुरता विश्वास ठेवत नाही. प्रत्यक्ष सापडलेली केल्ट पाती तपासली तर काही मऊ आहेत, काही चांगली आहेत, आणि शत्रूच्या हत्याराला नावं ठेवणं हा लेखकांचा जुना छंद आहे.

नवव्या ते अकराव्या शतकातल्या पात्यावर ‘उल्फबेर्ट’ हे नाव असलेल्या तलवारी याच पन्हळीच्या घराण्यातल्या. अशी सुमारे 170 पाती माहीत आहेत. काहींचं पोलाद त्या काळच्या युरोपात दुर्मिळ अशा प्रतीचं, जास्त कार्बनचं आणि मळी फार कमी असलेलं. आणि काहींवर नावच चुकीचं लिहिलंय, आतलं लोखंडही सुमार. नकली माल तेव्हाही होता.

आता हातातली बाजू. जर्मन लांब तलवारीच्या परंपरेत, जी योहानेस लिख्तेनाउअर या मध्ययुगीन तलवारबाजीच्या गुरूच्या नावाने ओळखली जाते, दोन धारांना दोन नावं आहेत: लांब धार आणि आखूड धार. तलवार समोर धरली की बोटांच्या पेरांच्या बाजूची ती लांब, आणि स्वतःकडे वळलेली ती आखूड. लांबी दोन्हींची एकच. नाव पोहोचीवरून पडलं असावं असं मला वाटतं. पुढच्या धारेने वार केला, शत्रूने अडवला, तलवार त्याच्या पात्याला चिकटली. आता एकधारी तलवारीला तलवार मागे घेऊन, मनगट फिरवून दुसरा वार काढावा लागतो. दुधारीला नुसती मूठ वळवली की पुरते, मागची धार त्याच्या पात्यावरून पलीकडे जाते. अंतर चार बोटांचं, वेळ पापणी लवण्याइतका. त्स्वेर्खहाउ नावाचा आडवा वार आहे. अंगठा पात्याच्या खाली लावून डोक्याच्या उंचीवर मारतात. उजव्या हाताने लढणारा तो उजवीकडून मारतो तेव्हा आखूड धार लागते, डावीकडून मारतो तेव्हा लांब. नव्या शिकाऊंना हा वार सहा महिने तरी उलटाच वाटतो.

आखूड धारेच्या वारात जोर कमी असतो, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मनगटाची ठेवणच तशी आहे. जाड कपड्यावर ती बरेचदा नुसती आपटते. तिची खरी ठिकाणं म्हणजे हात, चेहरा, मान.

आपल्याकडच्या दांडपट्ट्यात गोष्ट आणखी वेगळी होते. पट्ट्याची मूठ आडवी आणि हात कोपरापर्यंत लोखंडी मोज्यात, त्यामुळे मनगट मुडपतच नाही. पातं म्हणजे हाताचंच पुढचं हाड. हात उजवीकडून डावीकडे गेला की एक धार पुढे, परत येताना दुसरी. इथे दुसरी धार कौशल्याची नाही, गरजेची आहे. एकधारी पातं या मुठीला लावलं तर परतीचा प्रत्येक फेरा वाया जाईल, नाहीतर दरवेळी आख्खा हात पिळावा लागेल. पट्टा फिरवणारा माणूस एका जागी क्वचित उभा राहतो, त्याचं कारणही हेच: जे काम मनगट करत नाही ते कंबर आणि पाय करतात.

माझं सर्वांत आवडतं उत्तर खांड्याचं. खांडा सरळ, टोकाकडे रुंद होत जाणारा, टोक बहुधा बोथट. म्हणजे भोसकण्याचा विषयच संपला, हे कापायचं हत्यार. पातं रुंद आणि पातळ, म्हणून धार बारीक आणि पातं लवचिक. ते लवू नये म्हणून घडवणाऱ्यांनी काय केलं? मागच्या कडेला मुठीपासून बऱ्याच लांबीपर्यंत, आणि पुढच्या कडेला मुठीजवळ थोडीशी, पोलादी पट्टी ठोकून बसवली. बऱ्याचदा तिला नक्षीदार कडा असते. थोडक्यात, दुधारी घडवली, पाठ गेली, ती निम्मीअर्धी परत आणून बाहेरून चिकटवली! त्या पट्टीवर दुसरा हात टेकवता येतो, आणि मुठीच्या मागच्या लांब दांड्यालाही धरून दोन्ही हातांनी वार करता येतो. संग्रहालयात लोक ती पट्टी शोभेची समजून पुढे जातात.

आता पाणी देण्याबद्दल, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करण्याबद्दल, कारण पुष्कळ संस्कृतींचा निर्णय मला तिथेच झालेला दिसतो. एकधारी पात्याला पाणी दिलं की धार कडक होते आणि तसं होताना किंचित फुगते. पाठ मऊ राहते. त्या ओढाताणीत पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीचा बाक बराचसा असाच येतो, पाठीला मातीचा जाड लेप देऊन. दुधारी पात्यात दोन्ही धारा एकाच वेळी फुगतात आणि एकमेकींना धरून ठेवतात, म्हणून पातं सरळ राहतं. पण दोन्ही बाजू अगदी सारख्या तापल्या आणि सारख्या निवल्या तरच. माझं दुसरं दुधारी पातं मी तेलात सोडताना जरासं तिरपं धरलं. एक कड आधी बुडाली, आणि बाहेर आलं ते वेळूच्या कांबीसारखं एका धारेकडे कललेलं. सपाट अंगावर वाकलेलं पातं सरळ करता येतं. धारेच्या दिशेने वाकलेलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे. कुणी ‘दुधारी सोपी, सरळ तर आहे’ म्हणालं की बाहेर काढतो.

जपानमध्येही सुरुवात सरळ, दुधारी केन किंवा त्सुरुगीपासून झाली. बाक आला, तसा केन देवांच्या हाती गेला: फुदो म्योओ, म्हणजे संस्कृतातला अचल, याच्या हातात तीच तलवार असते, आणि सम्राटाच्या तीन राजचिन्हांमधली कुसानागीही नावाने त्सुरुगीच. मधल्या संक्रमणाची एक नामी तलवार शिल्लक आहे, कोगारासु-मारू. तिचं पातं मुठीकडे एकधारी, बाकदार, आणि टोकाकडच्या निम्म्या भागात दुधारी. दोन्ही पिढ्या एका पात्यात. एकूणच विधीतल्या तलवारी पुष्कळ ठिकाणी दुधारी राहिल्यात. बौद्धांच्या मंजुश्री बोधिसत्त्वाच्या हातातली तशीच, 1699 मध्ये खालसा स्थापन झाला तेव्हा अमृत ढवळलेला खांडाही दुधारी.

मग दुधारी मागे का पडली? ठरलेलं उत्तर ‘घोडा’. घोडेस्वार वेगाने बाजूने निघून जातो, त्याला एकच वार मिळतो, तो ओढत कापणारा हवा, म्हणून बाक. यात तथ्य आहे. तुर्क आणि मंगोल घोडदळासोबत बाकदार तलवार पश्चिम आशियात पसरली, आणि त्याआधीच्या अरब तलवारी बहुतेक सरळ, दुधारी होत्या. पण या उत्तराला दोन भोकं आहेत. युरोपचे चिलखती सरदारही घोड्यावरच होते आणि त्यांनी सरळ दुधारी तलवार काही शतकं सोडली नाही. चिलखत जाड होत गेलं तसं त्यांना सांध्यातल्या फटीत घुसणारं टोक हवं होतं, आणि टोक मधोमध हवं म्हणजे पुन्हा दोन कडा. दुसरं भोक सुदानचं. तिथला कस्कारा सरळ, दुधारी, साधारण मीटरभर लांब, टोक गोलसर. 1880 आणि 90 च्या दशकांतल्या महदी युद्धांतही तो घोड्यावर आणि पायी, दोन्हीकडे चालला. सहारातल्या तुआरेगांचा ताकोबा त्याचा भाऊबंद. दोन्हींची पाती पातळ, रुंद, उथळ पन्हळींची. कित्येक पाती युरोपातून आलेली. समोर चिलखत कमी आणि चामड्याची मोठी ढाल. तिथे बारीक धार आणि एक बोथटली की पलटून दुसरी, हा सौदा परवडतो. म्हणून मी घोड्यापेक्षा आधी ‘समोरच्याच्या अंगावर काय होतं’ ते विचारतो.

काही नमुने या चौकटीत नीट बसत नाहीत. इथिओपियाचा शोटेल विळ्यासारखा वाकडा आणि तरी दुधारी. ढालीला वळसा घालून मागे पोहोचायला. प्रतिकृती हातात घेतली तेव्हा मला तिने वार अडवणं जवळपास अशक्य वाटलं. फिलिपिन्समधल्या मोरो लोकांचा कालिस हा इंडोनेशियातल्या क्रिस या खंजिराचा मोठा भाऊ, नागमोडी किंवा सरळ. मेक्सिकोतल्या अॅझ्टेकांच्या माकुआविटलमध्ये धातूच नाही: लाकडी फळीच्या दोन्ही कडांना ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखीतल्या काचेची, पाती बसवलेली. पॅसिफिकमधल्या किरिबाटी बेटांवर त्याच जागी शार्कचे दात. इथे पाठ म्हणजे आख्खी फळी, आणि धारा नुसत्या लावलेल्या. धातू नसल्यामुळे आमच्या धंद्यातली मूळ अडचणच उरत नाही. माकुआविटलचा शेवटचा अस्सल नमुना माद्रिदच्या राजशस्त्रागारात 1884 च्या आगीत जळाला.

आणि बहुतेकांनी दुधारी ‘सोडली’ हेही अर्धंच खरं आहे. बाकदार तलवारीच्या टोकाकडे पाहा. तुर्की किलिजचं पातं शेवटच्या भागात रुंद होतं आणि तेवढ्यापुरती पाठीलाही धार असते. आपल्याकडच्या काही तलवारींच्या पिपळ्यालाही, म्हणजे टोकाकडच्या भागालाही, तशीच. जर्मन मेसेर नावाला सुरी, पण टोकाजवळ मागची धार काढलेली. म्हणजे मुठीकडच्या दोनतृतीयांश भागात पाठ, आणि मागची धार खरोखर लागते तेवढ्या टोकाकडच्या भागात दोन धारा. आखूड धारेचे वार पात्याच्या त्याच टोकाकडच्या भागाने लागतात, मुठीजवळच्या भागाने नाही. सरावात रंग लावून पाहिलंत तर दोन दिवसांत कळतं.

तसं पाहायचं असेल तर लाकडी तलवारीच्या एका कडेला खडूची पूड चोळा, दुसरीला कोळशाची, जोडीदाराला जुना पांढरा सदरा घालायला सांगा आणि चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा चढवल्याशिवाय सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात सगळे डाग एकाच रंगाचे पडतील. कोळशाचे पहिले डाग बहुधा तुमच्याच कपाळावर आणि खांद्यावर दिसतील, कारण समोरच्याने जोरात अडवलं की मागची धार तुमच्याकडेच येते. मूठ घट्ट आवळून धरलेल्यांना ते जास्त लागतात.